कोहऱ्यातला तिळगूळ

आज सकाळी समोरच्या घराचा जिना गायब झाला, मग ते घर, मग आमच्याच गेटावरची चमेली. म्हणजे कोहरा आला. मिरजेत वाढलेल्या माणसाला धुकं माहीत असतं. ते शहाण्या पाहुण्यासारखं येतं आणि उन्हं अंगणात उतरली की चहा न घेता निघून जातं. लखनौचा कोहरा मुक्कामाला येतो. दुपारचे बारा वाजले तरी इंदिरा नगरच्या गल्लीत तो अंग पसरून पडलेला असतो, आणि त्याच्यातून माणसाच्या आधी माणसाचा आवाज येतो. आधी "मटर ले लो, मीठी मटर", मग हातगाडीचं एक चाक, मग एक कानटोपी, आणि सगळ्यात शेवटी भाजीवाला. असा तुकड्यातुकड्यानं येणारा प्रत्येक माणूस मला आधी मारेकरी वाटतो. त्याच्याकडे पावशेर आलं मागेपर्यंत तो मारेकरीच असतो.

भीतीच्या बाबतीत माझा हात धरणारं कोणी नाही, हे आधीच सांगून टाकते. लग्न होऊन या शहरात आले तेव्हा मला माकडांची भीती वाटायची, घरमालकिणीच्या हिंदीची वाटायची, टेलिफोन वाजला की त्याची वाटायची, आणि 'हे' ज्या औषध-संशोधनाच्या संस्थेत कामाला होते तिथले उंदीर जेवणाच्या डब्यातून घरी येतील, याचीही वाटायची. "अगं, ते उंदीर माझ्यापेक्षा महाग आहेत. त्यांना कोण बाहेर सोडतंय?" हे म्हणायचे. तरी मी डबा रोज गेटाबाहेर उघडून, उलटा करून, मगच आत आणायची. ती तेवीस वर्षांची मुलगी मला आज कुठं भेटली तर मागून जाऊन तिला हळूच 'भॉक' करीन. घाबरू अर्थात दोघीही.

वरच्या मजल्यावर मुक्ता काम करते आहे. मला खाली फक्त एक वाक्य ऐकू येतं. "ठहरिए, पहले चाय." थोडी शांतता. "ठहरिए, पहले चाय." पुन्हा शांतता. सकाळपासून तो न दिसणारा माणूस कोणाला तरी थांबवतो आहे आणि चहा काही येत नाही. हा तिचा नवा सिनेमा. कशावर आहे ते मला माहीत नाही. सिनेमा पुरा होईपर्यंत ती मला सांगत नाही. का सांगत नाही, त्याचीच ही सगळी आठवण आहे. आणि ती दरवर्षी याच पांढऱ्या दिवसांत परत येते.

मुक्ता माझी मुलगी, वय वर्षं पन्नास. धंदा लोकांची नक्कल करण्याचा. लोकांनी डोळे पुसत पाहिलेले सिनेमे ती दुसऱ्यांदा काढते आणि लोक पुन्हा डोळे पुसतात, पण हसून. मराठी मंडळातल्या बायकांना मी "ती विडंबनपट काढते" असं सांगितलं की त्या माझा हात दाबतात. एकीनं तर "होईल हो सगळं नीट" असंही म्हटलं होतं.

तिची पहिली नक्कल मला चांगली आठवते, कारण तिचं वाटोळं मीच केलं. मुक्ता आठ वर्षांची असेल. मंडळाच्या गणपतीत तिनं तिच्या शाळेच्या मोठ्या बाईंची नक्कल केली. चष्मा नाकावर, मान तिरकी, आणि दर वाक्याआधी एक खोकला. मांडव हसून लोळला. मी मात्र बत्तीस वर्षांची, स्वतःला फार पोक्त समजणारी आई. माझ्या मनात लगेच आलं, हे बाईंना कळलं तर? आणि कळण्याआधी आपणच गेलेलं बरं. दुसऱ्या दिवशी पोरीला रिक्षात घातलं, वाटेत रेवडीचा पुडा घेतला आणि थेट बाईंच्या घरी. "मॅडम, इससे ग़लती हो गई." बाईंनी विचारलं, "कैसी ग़लती?" त्यांना काही माहीतच नव्हतं. मग त्या मुक्ताला म्हणाल्या, "करके दिखाओ, बेटा."

पोरीनं त्यांच्याच दिवाणखान्यात, त्यांच्यासमोर उभं राहून, त्यांचाच खोकला खोकून दाखवला. बाई हसल्या नाहीत. रेवडी ठेवून घेतली.

त्यानंतर दोन वर्षं मुक्तानं घरात कोणाचा आवाज काढला नाही. मी नातेवाइकांना सांगत असे, मुलगी समंजस झाली. किती आनंदानं सांगायचे! त्या बत्तीस वर्षांच्या बाईचे कान धरावेसे वाटतात, पण त्यासाठी आता आरशासमोर उभं राहावं लागेल आणि माझे कान आधीच श्रवणयंत्रानं भरलेत.

ते पाणी पुन्हा कसं वाहू लागलं कोण जाणे. बारावीत ती टेपवर रेडिओच्या जाहिरातींची टर उडवायला लागली. कॉलेजात असताना उसन्या कॅमेऱ्यावर आमच्या गच्चीत एक अंतराळपट काढला. त्यात माझा पाच लिटरचा कुकर यान होता आणि तिसऱ्या शिट्टीला ते पृथ्वी सोडायचं. मग कितीतरी वर्षं दुसऱ्यांच्या लग्नांच्या चित्रफिती जोडण्याची नोकरी. मग इंटरनेट आलं आणि तिनं सासू-सुनांच्या मालिका हाती घेतल्या. आजोबांना शिंक येते आणि घरातल्या सात माणसांचे चेहरे तीन-तीन वेळा दचकतात, एवढंच कथानक. तिचा पहिला मोठा सिनेमा भुताचा. त्या भुताला लखनौत भाड्यानं घर मिळत नाही, कारण दलाल विचारतो, "फ़ैमिली है या बैचलर?" तो थिएटरात लागला आणि चालला. आमच्या दारात लोक सेल्फी काढायला यायला लागले. मी प्रत्येकाला पाणी द्यायची आणि प्रत्येकाचे हात नीट बघून घ्यायची, हातात काही आहे का म्हणून.

तिचं काम मी जवळून पाहिलेलं आहे. ज्या सिनेमाची टर उडवायची तो ती आधी शंभर वेळा पाहते. नट कितव्या पावलाला थांबतो, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर कोणत्या महिन्यावर आहे, रडताना कोणता डोळा आधी भरतो, सगळं वहीत. "जे पाठ नाही त्याची नक्कल करायची नसते, आई," ती म्हणते. "ती मग नुसती शिवी होते." मला हे पटतं. पण ज्याला आपण पाठ आहोत त्याला ते कौतुक वाटेल की चोरी, हे आधी कसं कळायचं?

तर, तीन वर्षांपूर्वीचा कोहरा.

मुक्तानं हात घातला तो उस्तादच्या सिनेमाला. उस्ताद म्हणजे तो नट. नाव मी घेत नाही, त्याचे भक्त त्याला उस्तादच म्हणतात. त्या एका सिनेमात तो पोलीस असतो, वर्दी फेकतो, आगीतून चालत येतो, आणि आईच्या आशीर्वादानं शंभर माणसं लोळवतो. अर्धा उत्तर प्रदेश त्याच्यासारखं चालतो. आमच्याच गल्लीच्या तोंडाशी लल्लनभैयांचं टेंट हाऊस आहे. लग्नामुंजींना तंबू, खुर्च्या, स्वयंपाकाच्या देगा भाड्यानं देतात. त्यांच्या दुकानावर उस्तादचा दोन मजली पुठ्ठ्याचा पुतळा उभा आहे, आणि ते स्वतः त्याच्या चाहत्यांच्या संघाचे अध्यक्ष. उस्तादच्या वाढदिवसाला सगळ्या गल्लीला पुरी-सब्जी आणि सकाळपासून भोंगा. माणूस सव्वासहा फुटी. कोहऱ्यातून येतो तेव्हा सगळ्यांसारखा तुकड्यांनी येतो, पण तुकडे मोठे.

सिनेमा पुरा झाला होता. जानेवारीच्या शेवटी शहरातल्या एका थिएटरात लागणार होता. त्याचा अजून गाजावाजा नव्हता. इंटरनेटवर कुठंतरी चार ओळींची बातमी आली होती आणि तिच्याखाली सतरा लोकांनी काही-काही लिहिलं होतं. माझी नात इरा, माझ्या मुलाची मुलगी, तेव्हा शाळेत होती. शीतलहरीची, म्हणजे थंडीच्या लाटेची, सुट्टी लागली म्हणून लखनौतल्याच जानकीपुरमहून आमच्याकडे राहायला आलेली. तिनंच मला मागे कमेंट वाचायला शिकवलं होतं, आणि आता पस्तावत होती.

"आजी, मत पढ़ा करो यार. कोई नहीं पढ़ता नीचे का."

"अगं, पण हा बघ काय म्हणतोय. 'उस्ताद पे हाथ डालने से पहले सोच लेती.' सोच लेती म्हणजे?"

"मतलब कुछ नहीं. फ़ालतू आदमी है."

"आणि हा? 'ये इंदिरा नगर वाली है न?'"

यावर इरानं उठून खिडकीचा पडदा ओढला. तीही शेवटी माझीच नात.

ते एक प्रश्नचिन्ह माझ्या घरात राहायला आलं. रजईत माझ्याबरोबर असायचं, मटार सोलताना पाटावर बसायचं. मी गेटाला दुसरं कुलूप आणलं. समोरच्या भिंतीशी एक निळी मोटरसायकल दोन दिवस उभी होती आणि तिच्याजवळ माणूस कधीच दिसला नाही. मी खिडकीचा पडदा एका बोटानं सारून तिच्यावर पाळत ठेवली. फोन वाजायचा, उचलला की पलीकडे नुसता श्वास. मुक्ता बाजारात गेली की मी तिच्या परतीची मिनिटं मोजायची आणि ती गेटात दिसली की तिलाच ओरडायची. "पोचल्यावर फोन करायला काय झालं होतं?" "आई, मी दही आणायला गेले होते." "दही आणतानाच होतं सगळं!"

काय होतं दही आणताना, ते मलाही सांगता आलं नसतं.

एका दुपारी मी वर गेले आणि सरळ म्हणाले, "मुक्ता, नको लावू तो सिनेमा. थांबव."

ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "बघ तरी आधी काय आहे त्यात. बस, लावते."

"मला नाही बघायचा."

खरं सांगते, मला बघण्याचीच भीती वाटत होती. तो वाईट असला तर तिचं काय होईल, आणि चांगला असला तर तिचं काय होईल! यांना सांगायला गेले तर हे ओसरीत हीटरशी बसून मटार सोलत होते. "तुला भीती वाटते ना, मग इथं बस आणि सोल," म्हणाले. "हात कामात असले की माणूस मूर्खपणा कमी करतो." माझ्या नवऱ्यानं आयुष्यभरात काढलेलं हे एकमेव संशोधन, जे मी ऐकायला हवं होतं.

आणि मग संक्रांत आली.

लखनौत त्या दिवशी खिचडी असते. उडदाची खिचडी, वर तुपाची धार, सोबत तळलेले पापड. आमच्या घरी तीही होते आणि तिळगूळही होतो. तिळगूळ वळता-वळता माझ्या डोक्यात एक कल्पना आली. मला ती फार थोर वाटली. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मला आपण मुत्सद्दी आहोत असं वाटलं. डबा भरला, शाल घेतली, कानाला स्कार्फ बांधला, आणि कोहऱ्यातून चाचपडत गल्लीच्या तोंडाशी गेले. पुतळ्याचे फक्त बूट दिसत होते. वरचा उस्ताद ढगात होता.

"लल्लनभैया, लीजिए. हमारे यहाँ आज के दिन देते हैं. कहते हैं, तिळगूळ लीजिए और मीठा बोलिए."

"अरे वाह, आंटी जी! बैठिए, बैठिए. बोलेंगे, बिल्कुल मीठा बोलेंगे." त्यांनी एकदम दोन तोंडात टाकले.

इथं मी घरी यायला हवं होतं. पण आपल्याकडं तिळगूळ दिला की वर्षभराचं उणंदुणं मिटतं, हे त्या भल्या माणसाला कसं कळणार? म्हणून मी समजावून सांगितलं.

"मतलब, बेटी से कुछ ऊँच-नीच हुई हो, तो बच्ची समझकर माफ़ कर दीजिएगा."

"कैसी ऊँच-नीच?"

"वही, उस्ताद वाली पिक्चर."

लल्लनभैयांचा जबडा थांबला. "कौन-सी उस्ताद वाली पिक्चर, आंटी जी?"

चाळीस वर्षांनी, दुसऱ्या एका खोलीत, तोच प्रश्न. मी काहीतरी पुटपुटले आणि डबा तिथंच सोडून निघाले. घर दीडशे पावलांवर, पण कोहऱ्यात मी एकदा चुकून दुसऱ्याच्याच गेटाला हात घातला.

घरी कोणाला बोलले नाही. खिचडी वाढली, तुपाची धार यांच्या ताटाऐवजी टेबलावर सोडली.

दोन दिवस काही झालं नाही. काही न होण्याइतकी भीतिदायक गोष्ट नाही, हे मी शपथेवर सांगीन. तिसऱ्या दिवशी सकाळी गेटापलीकडे चार मफलर उभे दिसले. माणसं नीट दिसत नव्हती. ते हाक मारेनात, बेल वाजवेनात. थोड्या वेळानं गेले. इरा माझ्या पाठीशी येऊन उभी होती. "आजी, ये कौन थे?" मी म्हणाले, "मटारवाले." "चार?" पोर म्हणाली.

चौथ्या दिवशी लल्लनभैया स्वतः आले. या शहरात धमकीसुद्धा 'आप' लावून येते, म्हणून तिची जास्त धास्ती वाटते. नमस्कार केला, यांची तब्येत विचारली, मग म्हणाले, "मैडम से दो मिनट बात हो जाती."

मुक्ता खाली आली.

"सुना है, उस्ताद पर आपने कुछ बनाया है. हम लोगों को तो ख़बर ही नहीं थी. वो तो भला हो, आंटी जी ख़ुद आकर बता गईं."

मुक्तानं माझ्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती मोठ्या बाईंच्या दिवाणखान्यात उभी असावी तशी उभी होती. माझ्या मनात एकच आलं, ही आता पुन्हा गप्प होणार. त्या वेळी दोन वर्षं होती. आता या वयात किती?

"लड़के नाराज़ हैं," लल्लनभैया म्हणत होते. "हम समझा तो रहे हैं. पर बिना देखे क्या समझाएँ?"

"तो देख लीजिए," मुक्ता म्हणाली. "कल दस बजे. सबको ले आइए."

ते गेल्यावर तिनं मला एवढंच विचारलं, "आई, तुला कोणी विचारलं होतं?" मी मान हलवली. ती वर गेली. मग संध्याकाळपर्यंत वरून एकही आवाज आला नाही. तेच-तेच वाक्य ऐकून मी किती वैतागत असे! त्या दिवशी त्यासाठी कान देऊन जिन्याखाली उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी नऊ जण आले. बूट बाहेर रांगेत काढले. दिवाणखान्यात गादीवर, सोफ्यावर, वेताच्या मोड्यांवर बसले. कानटोप्या कोणी काढल्या नाहीत, कारण घरातही तोंडातून वाफ येत होती. इरानं पडदे ओढले. मुक्तानं सिनेमा लावला आणि भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी राहिली. हे त्या नऊ जणांत जागा करून बसले, मांडीवर मटाराचं ताट घेऊनच. मी स्वयंपाकघरात गेले. चहाचं आधण ठेवलं आणि भिंतीला कान लावला.

पहिली पाच मिनिटं काही नाही. दहा मिनिटं काही नाही. उस्तादचं संगीत, पावलांचे आवाज, कोणाचा तरी खोकला. आधणाचं पाणी आटून गेलं, मी दुसरं ठेवलं. आणि तिथं, ओट्याशी उभी असताना, माझ्या भीतीनं कूस बदलली. तोपर्यंत मला वाटत होतं, हे लोक चिडले तर? आता पहिल्यांदा मनात आलं, हे लोक हसलेच नाहीत तर? आयुष्यभर लोकांना हसवायला निघालेल्या माणसाला या दिवाणखान्यात, आपल्या घरात, एवढी शांतता ऐकावी लागली तर? मी देवाला जे मागितलं ते मला सांगायला लाज वाटते. मी म्हटलं, चिडू देत हवं तर, पण आधी एकदा हसू देत.

मी दारापर्यंत आले. पडद्यावर उस्ताद, म्हणजे मुक्ताचा खोटा उस्ताद, वर्दी फेकून निघाला होता. दारात त्याची आई. मिश्या असलेला एक दांडगा नट साडी नेसून आई झाला होता. साडी मी आधी ओळखली. माझी शेवाळी नारायणपेठ, जी ड्रायक्लीनला गेली होती आणि दोन महिने येत नव्हती. मग तो नट बोलला, आणि मी आवाज ओळखला.

"जा बेटा. दुश्मन इंतज़ार कर लेगा. पहले कान ढक."

उस्ताद कानटोपी घालून सूड घ्यायला निघाला. गोदाम पेटलेलं, शंभर गुंड, खलनायकाच्या हातात पिस्तूल, आणि उस्तादचा फोन वाजतो. "पहुँच गया?" "अम्मा, अभी नहीं, बाद में." खलनायक पिस्तूल खाली घेऊन म्हणतो, "बात कर लीजिए. अम्मा हैं."

गादीवरच्या एका कानटोपीतून आवाज फुटला. मग दुसऱ्या. मग नऊच्या नऊ कानटोप्या हलायला लागल्या. लल्लनभैयांनी मांडीवर थाप मारली ती यांच्या ताटाला लागली आणि मटार घरभर झाले. "अरे, ये तो हमारी अम्मा हैं!" कोणीतरी ओरडलं. "नहीं, हमारी!" माझी साडी, माझी मान, माझं पोचल्यावर फोन कर. मी ज्याची माफी मागत गावभर फिरले, त्या सिनेमात खरी टर माझीच होती, आणि ती मला सोडून सगळ्यांना कळली होती. रागवायला हवं होतं. पण माझं हसू रागाच्या आधी बाहेर पडलं. इरानं मागं वळून पाहिलं. "आजी, आप हँस रही हो?"

सिनेमा संपला. चहा झाला. लल्लनभैयांनी दुसरा कप बशीत ओतला. मग म्हणाले, "घड़ी ग़लत है, मैडम."

"जी?"

"उस्ताद दाएँ हाथ में पहनते हैं. आपने बाएँ में पहना दी. पूरी पिक्चर में." आणि त्यांनी आपला उजवा हात पुढं केला. त्यावर तसलंच घड्याळ होतं. मुक्ताचं तोंड जे उतरलं, ते सतरा कमेंटींनी उतरलं नव्हतं. "ग़लती मेरी है," ती म्हणाली, अगदी मनापासून. सगळे जरा सैल झाले. मला वाटलं, सुटलो.

तेव्हा त्यांनी बशी खाली ठेवली. "एक बात और. वो विग वाला सीन निकाल दीजिए."

खोटा उस्ताद छपरावरून उडी मारतो, वारा सुटतो आणि त्याचा केसांचा टोप उडून कबुतरांच्या खुराड्यावर जाऊन बसतो. कबुतरं त्यात अंडी घालतात. दिवाणखान्यात त्यावर कोणी हसलं नव्हतं. मी दारात एकटीच फिसकन हसले होते.

"उस्ताद के बाल असली नहीं हैं," लल्लनभैया म्हणाले, "ये हम सबको पता है. पर हम देखते नहीं, मैडम." आवाज चढलेला नव्हता. "बाक़ी सब चलेगा. इतना हमारा मान रख लीजिए. नहीं तो लड़कों को हम कब तक..." पुढचं वाक्य त्यांनी तिथंच सोडलं आणि उठून बूट घालायला गेले.

मुक्ता म्हणाली, "सोचकर बताती हूँ."

दोन दिवस ती विचार करत होती. मी तिच्यापुढं दूध ठेवायची, पोळी ठेवायची आणि जीभ दातांखाली धरायची. मला म्हणायचं होतं, काढ गं बाई, एक टोप तर आहे. आणि मला म्हणायचं होतं, नको काढू, मी त्याला हसले. दोन्ही म्हणण्याचा अधिकार मी त्या डब्याबरोबर टेंट हाऊसमध्ये ठेवून आले होते.

तिसऱ्या दिवशी नाश्त्याला ती म्हणाली, "काढला. अकरा सेकंदांचा होता."

"बरं केलंस," मी म्हणाले. कसं सुटलं तोंडातून कोण जाणे.

"बरं केलं की नाही, माहीत नाही." तिनं चहात बिस्किट बुडवलं, ते मोडून आत पडलं, ती चमच्यानं शोधत राहिली. "कदाचित तो खरंच वाईट असेल. त्या माणसाचं बोलणं मला पटलंही. पण मी तो पटला म्हणून काढला की घाबरून काढला, हे आता मला कधीच कळणार नाही, आई. तू गेली नसतीस तर कळलं असतं."

ती चिडून बोलली नाही. हवामान सांगावं तसं बोलली. यांनी मटारातून मान वर केली नाही. मी उठून गॅस बंद केला, तो बंदच होता.

लोक मला अजून विचारतात, मुलगी असले सिनेमे काढते, तुम्हाला भीती नाही वाटत? वाटते की. कोहरा पडला की पहिली गेटाची कुलपं बघते. कोणीतरी येईल, काहीतरी करील, ही भीती काही खोटी नव्हती आणि आजही नाही. पण तिच्याखाली आता एक दुसरी आहे. बाहेरून काही यायच्या आधी मीच ते घरात आणून ठेवीन, शाल पांघरून, हातात डबा घेऊन, ही. वरून येणारा आवाज थांबला की मी जिन्याशी जाते. पुन्हा सुरू झाला की परत येते. काय चाललंय ते विचारत नाही.

सिनेमा ठरल्या दिवशी लागला. घड्याळाचे प्रसंग तिनं कोहऱ्यातच पुन्हा घेतले, लल्लनभैयांनी तंबू दिला आणि स्वतः उभं राहून उजवा हात तपासला. पहिल्या दिवशी दुपारच्या खेळाला ते पहिल्या रांगेत होते, त्यांचे लड़के मागच्या दोन रांगांत. आम्ही बरोबर मधोमध. मी थिएटरात शिरताना बाहेर पडायची चारही दारं मोजून ठेवली होती.

लोक हसले. फार हसले. अम्मांच्या फोनला शिट्ट्या पडल्या. मी अंधारात मान खाली घालून बसले होते, जणू माझ्या साडीवरून मला कोणी ओळखेल.

मग ते छप्पर आलं. खोटा उस्ताद उडी मारतो, वारा सुटतो, तो हात डोक्याकडे नेतो, आणि पुढच्याच क्षणी जमिनीवर उभा. केस जागच्या जागी. जोड इतका सफाईचा होता की कोणाला काही कळलं नाही. लोक आधीच्या विनोदावर हसतच होते. पहिल्या रांगेतून लल्लनभैयांनी मात्र मान वळवली. अंधारात आम्हाला शोधलं, छातीवर हात ठेवला आणि झुकले. मुक्तानंही मान लववली. अगदी अदबीनं.

मी तिच्याकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत होती, पण तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. सगळं थिएटर हसत असताना ती एकटीच मोजत होती, एक, दोन, तीन, चार. मी तिचा हात धरायला हात पुढं केला आणि मांडीवर परत घेतला. टाके मोजणाऱ्या बाईला मध्येच हाक मारायची नसते. अकरा होईपर्यंत मीही तिच्याबरोबर मोजलं.